वृत्तनिवेदकाचे पद आणि वॉल्टर क्रॉन्काइट यांची कारकीर्द

दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीसाठी आजच्या मराठीत दोन शब्द चालू आहेत. ‘वृत्तनिवेदक’ हा संस्कृत घटकांपासून सिद्ध केलेला आणि शासकीय व्यवहारात रुळलेला शब्द. ‘अँकर’ हा खाजगी वाहिन्यांच्या काळात रूढ झालेला इंग्रजी शब्द. सामान्य बोलण्यात या दोहोंमध्ये भेद केला जात नाही. तथापि त्यांच्यामागे दोन निरनिराळ्या व्यवसायपरंपरा आहेत, आणि एका परंपरेतील कारकीर्द दुसरीच्या मापाने मोजू लागल्यास नाना गैरसमज उद्भवतात. निवेदकाच्या हाती दुसऱ्याने सिद्ध केलेली संहिता असते. ती शुद्ध, स्पष्ट आणि निर्विकार वाचणे हे त्याचे काम. अँकर म्हणून ज्याची नेमणूक होते त्याच्याकडे, निदान मूळ कल्पनेप्रमाणे, बातम्यांची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांची जुळणी यांचीही काही जबाबदारी असते. हा दुसरा प्रकार अमेरिकेत १९५२ ते १९६३ या अकरा वर्षांत आकारास आला, आणि तो ज्यांच्या कारकीर्दीतून मुख्यतः घडला ते वॉल्टर क्रॉन्काइट होत. त्यांच्याविषयीची सामग्री विपुल आहे. परंतु तीत आख्यायिकांची भर एवढी पडली आहे की, त्या बाजूस सारल्यावाचून मूळ पुरुष नीट दिसत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. इंग्रजीत अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. त्यावरून, वार्तांच्या प्रवाहात जो स्थिर राहतो तो अँकर, अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह होतो. ती रम्य आहे, पण अपुरी आहे. दूरचित्रवाणीने हा शब्द बंदरातून उचलला नसून क्रीडांगणावरून उचलला असावा, असे मानण्यास चांगला आधार आहे. रस्सीखेचीत दोराच्या टोकाशी पाय रोवून उभा राहणारा गडी, तसेच रिले शर्यतीत शेवटचा टप्पा धावणारा आणि म्हणून संघातील बहुधा सर्वांत भरवशाचा धावपटू, यांना इंग्रजीत ‘अँकरमन’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. १९४८ साली एनबीसीच्या एका प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात जॉन कॅमेरॉन स्वेझ यांना हे बिरुद लावले गेले होते. तेथे त्याचा अर्थ मंडळातील कायमचा सभासद एवढाच होता. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे भरलेल्या दोन्ही राजकीय पक्षांच्या अधिवेशनांच्या प्रसंगी सीबीएसने क्रॉन्काइट यांच्यासाठी हा शब्द योजला. सभागृहात ठिकठिकाणी वार्ताहर पेरलेले. त्या प्रत्येकाकडून तुकड्यातुकड्याने येणारी हकीकत हाती घेऊन अखेरीस प्रेक्षकांपर्यंत पोचविणारा माणूस एकच. रिले शर्यतीची उपमा या व्यवस्थेला किती तंतोतंत लागू पडते हे सांगावयास नको.

हा शब्द प्रथम कोणी योजला याविषयी मात्र एकवाक्यता नाही. सीबीएसच्या वृत्तविभागाचे प्रमुख सिग मिकेलसन, निर्माते डॉन ह्यूइट आणि पॉल लेव्हिटन या तिघांकडे त्याचे श्रेय दिले जाते. शब्दाच्या जन्माला तीन पिते असणे ही भाषेच्या इतिहासात काही नवलाची गोष्ट नव्हे. शब्द यशस्वी झाला म्हणजे त्याच्या कर्तृत्वाची आठवण अनेकांना होते.

ब्रिटनमध्ये याच सुमारास चाललेला विचार अगदी विरुद्ध दिशेचा होता. बीबीसीने ५ जुलै १९५४ रोजी दूरचित्रवाणीवरून दैनिक वार्तापत्र सुरू केले, तेव्हा रिचर्ड बेकर यांचा केवळ आवाज ऐकू येत असे. पडद्यावर चित्रे आणि नकाशे दिसत, निवेदकाचा चेहरा दिसत नसे. वाचकाच्या भुवईच्या हालचालीतूनही वृत्तावर मतप्रदर्शन होईल, अशी त्या संस्थेस भीती वाटत होती. चेहरा पडद्यावर आला तो सप्टेंबर १९५५ मध्ये, आणि त्याला कारण झाली स्पर्धा. त्याच महिन्याच्या २२ तारखेस खाजगी क्षेत्रातील आयटीएन संस्थेचे वृत्तप्रसारण सुरू व्हावयाचे होते. त्या संस्थेने आपल्या माणसांस वाचक न म्हणता ‘न्यूजकास्टर’ म्हटले आणि संहितेच्या घडणीत त्यांना वाटा दिला. असे असूनही ‘न्यूजरीडर’ हाच शब्द ब्रिटिश इंग्रजीत टिकून राहिला. शब्द टिकला म्हणजे त्यामागील कल्पनाही काही अंशी टिकते.

मराठीतील ‘वृत्तनिवेदक’ हा या ब्रिटिश कल्पनेचा वारस आहे. तो नभोवाणीकडून दूरचित्रवाणीकडे आला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे प्रारंभीच्या काळात मराठी बातम्या देणाऱ्यांत स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांचा समावेश होता. दोघींचीही पुढील कीर्ती चित्रपट आणि रंगभूमी या क्षेत्रांतील आहे. हा योगायोग नव्हे. जेथे वाणी, उच्चार आणि मुद्रा यांवर निवड होते तेथून पुढचा मार्ग अभिनयाकडे जाणे स्वाभाविक असते. बातमीदारीकडे तो क्वचितच वळतो. क्रॉन्काइट यांचा मार्ग मुळातच निराळ्या ठिकाणाहून निघालेला आहे.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ रोजी मिझुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी झाला. वडील दंतवैद्य होते. कुटुंब पुढे टेक्सासमधील ह्यूस्टन येथे गेले. १९३३ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला, आणि दोन वर्षांत, पदवी न घेताच, वृत्तपत्राच्या नोकरीसाठी ते सोडले. यानंतर कॅन्सस सिटीतील एका लहान नभोवाणी केंद्रात ‘वॉल्टर विलकॉक्स’ या नावाने त्यांनी काम केले. तेथे तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून फुटबॉल सामन्याचे संपूर्ण धावते वर्णन करावे लागे. श्रोत्यास वाटावे की वक्ता मैदानाच्या कडेस बसला आहे. प्रत्यक्षात वक्ता खोलीत असे आणि त्याच्यापुढे कागदाचा एक कपटा असे. कल्पनाशक्तीला तेथे पुष्कळ वाव होता, आणि तेवढाच धोकाही होता.

याच केंद्रातील एक प्रसंग क्रॉन्काइट यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात नमूद केला आहे. नगरगृहास आग लागून अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्यू पावले, अशी वार्ता केंद्राच्या व्यवस्थापकाच्या घरून दूरध्वनीने आली. ती तत्काळ प्रसारित करावी अशी आज्ञा झाली. क्रॉन्काइट यांनी आधी अग्निशमन दलाकडे चौकशी करण्याचा आग्रह धरला. व्यवस्थापकाने स्वतःच ती वार्ता सांगून टाकली. आग क्षुल्लक होती आणि कोणीही दगावले नव्हते. यानंतर नोकरी गेली ती मात्र क्रॉन्काइट यांची. आत्मवृत्तातील साक्ष एकतर्फी असते हे खरे, आणि साठ वर्षांनी सांगितलेल्या हकिकतीचे कोपरे घासून गुळगुळीत झालेले असतात हेही खरे. परंतु पुढील आयुष्यात कित्येकदा दिसून आलेल्या वर्तनाशी ती इतकी जुळते की, तिच्या गाभ्याविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

१९३७ मध्ये ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत दाखल झाले. त्या वर्षी १८ मार्च रोजी टेक्सासमधील न्यू लंडन या गावच्या शाळेत वायूचा भीषण स्फोट होऊन सुमारे ३०० जण, त्यांत बहुसंख्य मुले, मृत्युमुखी पडली. त्या स्थळी प्रथम पोचलेल्या बातमीदारांत वीस वर्षांचे क्रॉन्काइट होते. वृत्तसंस्थेच्या नोकरीचे शिक्षण कठोर असते. तिचे ग्राहक शेकडो वृत्तपत्रे, त्यांतील प्रत्येकाचा मतपक्ष निराळा. म्हणून तिच्या मजकुरास कोणताही रंग चालत नाही. शिवाय क्षणोक्षणी दुसऱ्या संस्थेशी चढाओढ. विशेषणे टाळावयाची, वाक्य आखूड ठेवावयाचे, मुख्य गोष्ट आरंभीच सांगावयाची, आणि सूत्र कोणते ते वाचकास कळवावयाचे. पुढे ज्या शैलीस ‘क्रॉन्काइट यांची शैली’ म्हणून नावाजले गेले, तिची लक्षणे जवळजवळ सर्वच्या सर्व तारेच्या या गद्यात सापडतात. आवाजाची देणगी त्यांना होतीच. पण आवाज नंतर आला, गद्य आधी.

दुसऱ्या महायुद्धात ते युनायटेड प्रेसचे युद्धवार्ताहर होते. १९४२ च्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील सैन्य उतरविण्याच्या मोहिमेचे वृत्तांकन त्यांनी केले. २६ फेब्रुवारी १९४३ रोजी विल्हेल्म्सहाफेनवरील बॉम्बहल्ल्यात अमेरिकन विमानांबरोबर जे थोडे वार्ताहर गेले त्यांत ते होते. त्या उड्डाणातून न्यूयॉर्क टाइम्सचे रॉबर्ट पोस्ट परतले नाहीत. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील मोहिमेत ते ग्लायडरमधून उतरले. १९४३ मध्येच सीबीएसचे एडवर्ड मरो यांनी त्यांना आपल्या गटात बोलाविले होते. त्यांनी प्रथम होकार दिला, आणि वृत्तसंस्थेने पगार वाढविताच तो मागे घेतला. मरो यांना हे रुचले नाही असे म्हणतात. त्या काळी वृत्तसंस्थेचा बातमीदार नभोवाणीतील वक्त्याकडे किंचित संशयाने पाहत असे, हे या नकाराच्या मुळाशी असावे. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्याचे वृत्तांकन आणि १९४६ ते १९४८ या काळात मॉस्को येथील कार्यालयाची जबाबदारी, एवढे झाल्यावर त्यांच्या कारकीर्दीचा पहिला खंड संपतो. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि दूरचित्रवाणीशी त्यांचा कसलाही संबंध आलेला नव्हता.

१९५० मध्ये मरो यांच्याच शिफारशीने ते सीबीएसमध्ये आले. कोरियात जाण्याच्या अपेक्षेने त्यांनी नोकरी स्वीकारली होती. प्रत्यक्षात त्यांना वॉशिंग्टनमधील केंद्रावर बसवून कोरियन युद्धाची दैनंदिन स्थिती सांगण्यास लावले. साधने म्हणजे एक फळा आणि खडू. लिहून काढलेली संहिता न वाचता, टिपणांच्या आधारे, समोर एक माणूस बसला आहे असे समजून ते बोलत. पाहणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला, आणि १९५२ च्या अधिवेशनांसाठी मिकेलसन यांनी त्यांची निवड केली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मरो आणि त्यांच्या गटातील नामांकित मंडळी त्या वेळी दूरचित्रवाणीस कमी लेखून नभोवाणीलाच चिकटून होती. म्हणजे प्रथम श्रेणीच्या माणसांनी जे काम नाकारले ते दुसऱ्या श्रेणीतील समजल्या जाणाऱ्या माणसाकडे आले. नव्या माध्यमांच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. मराठी बोलपटाच्या आरंभीही रंगभूमीवरील प्रतिष्ठितांची वृत्ती याहून फार वेगळी नव्हती.

अधिवेशनांतील यशानंतर लगेच क्रॉन्काइट यांची कारकीर्द सरळ रेषेत वर गेली असे चरित्रपर लेखांत सूचित केले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पुढील दहा वर्षे बरीच संमिश्र होती. १९५३ पासून चार वर्षे त्यांनी ऐतिहासिक प्रसंगांची नाट्यरूपे सादर करणाऱ्या एका मालिकेत निवेदकाचे काम केले. १९५४ मध्ये सकाळच्या एका कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे आले. त्यात शार्लमेन नावाची सिंहाची एक कळसूत्री बाहुली होती, आणि युद्धभूमीवरून परतलेला हा बातमीदार तिच्याशी दिवसाच्या घडामोडींची चर्चा करीत असे. बातमी आणि मनोरंजन यांची सरमिसळ ही अलीकडची विकृती आहे, असे समजणाऱ्यांनी या बाहुलीचे स्मरण ठेवावे.

सायंकाळच्या वार्तापत्राची धुरा त्यांच्याकडे आली ती १६ एप्रिल १९६२ रोजी. १९४८ पासून हे वार्तापत्र देणारे डग्लस एडवर्ड्स बाजूस झाले. वार्तापत्राची लांबी तेव्हा १५ मिनिटे होती. क्रॉन्काइट यांनी केवळ निवेदकाचे पद न स्वीकारता ‘व्यवस्थापकीय संपादक’ हे वृत्तपत्रीय पदनाम मिळविले. २ सप्टेंबर १९६३ रोजी हे वार्तापत्र ३० मिनिटांचे झाले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची क्रॉन्काइट यांनी घेतलेली मुलाखत प्रसारित झाली. एनबीसीने एक आठवड्याच्या आत त्याचे अनुकरण केले. अर्ध्या तासात किती मजकूर मावतो, याविषयी खुद्द क्रॉन्काइट यांना भ्रम नव्हता. तेवढ्या वेळात उच्चारलेले सर्व शब्द छापले तर वृत्तपत्राचे पहिले पानही भरणार नाही, असे ते वारंवार सांगत आणि प्रेक्षकांनी वृत्तपत्र वाचावे असा आग्रह धरीत. आपल्या पदाच्या मर्यादा स्वतःच सांगत फिरणारा अधिकारी पुरुष विरळा असतो.

त्यांच्या बोलण्याची गती सावकाश होती. मिनिटास सुमारे १२४ शब्द, असा तिचा आकडा नोंदला गेला आहे. सर्वसाधारण अमेरिकन संभाषणाची गती १६५ च्या आसपास धरली जाते. ही मंदगती निसर्गदत्त नसून अभ्यासाने साध्य केलेली होती. वार्तापत्राच्या शेवटी ‘आणि हे असे आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य उच्चारून ते दिनांक सांगत. हे वाक्य बरेच गाजले. त्यातील अहंकारावर टीकाही झाली. तीस मिनिटांत जग ‘असे आहे’ असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु एक बारकावा टीकाकारांच्या नजरेतून निसटतो. ज्या दिवशी वार्तापत्राचा शेवट मतप्रदर्शनाने किंवा भाष्याने होत असे, त्या दिवशी क्रॉन्काइट हे वाक्य वगळीत. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ते वाक्य समारोपाचे अलंकरण नव्हते, तर वृत्त आणि मत यांतील सीमा दाखविणारी खूण होती. प्रेक्षकांपैकी किती जणांस ही खूण उमगली असेल हा प्रश्न वेगळा.

२२ नोव्हेंबर १९६३ या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी त्याचा क्रम बारकाईने पाहणे उद्‌बोधक आहे. डल्लास येथे केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपारचा दीड वाजला होता. दहा मिनिटांनी सीबीएसने चालू असलेली कौटुंबिक मालिका मध्येच थांबविली. त्या काळी कॅमेरा तापून चित्र देण्यास तयार होईपर्यंत बराच वेळ लागे; त्यामुळे प्रारंभी पडद्यावर केवळ एक पाटी दिसली आणि क्रॉन्काइट यांचा आवाज ऐकू आला. दोन वाजता ते स्वतः दिसू लागले. यानंतरच्या अर्ध्या तासात राष्ट्राध्यक्ष मृत्यू पावल्याच्या वार्ता निरनिराळ्या मार्गांनी येत होत्या. डल्लासमधील संलग्न केंद्राचा वार्ताहर तसे सांगत होता. सीबीएसचे स्वतःचे प्रतिनिधी डॅन रॅदर यांच्याकडूनही तसेच कळले होते, आणि सीबीएसच्या नभोवाणी शाखेने तर ते जाहीरही केले. क्रॉन्काइट यांनी या साऱ्या वार्ता सांगितल्या, पण प्रत्येक वेळी तिचे सूत्र सांगून आणि तिला अधिकृत दुजोरा नाही असे बजावून. अधिकृत वार्ता आली ती दोन वाजून अडतीस मिनिटांनी. ती वाचून त्यांनी चष्मा काढला, भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले, मृत्यूची वेळ आणि आताची वेळ यांतील अंतर अडतीस मिनिटांचे असल्याचे सांगितले, आणि क्षणभर त्यांचा कंठ दाटून आला.

लोकांच्या स्मरणात राहिला तो हा शेवटचा क्षण. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती त्याआधीची अडतीस मिनिटे. एकच वाक्य निश्चयार्थी क्रियापदाने सांगावे की ‘असे वृत्त आहे’ या चौकटीत बसवून सांगावे, या निर्णयाचे ओझे तेव्हा एका माणसावर होते. मराठीत असा भेद ‘आहे’ आणि ‘असल्याचे कळते’ या रूपांनी सहज दाखविता येतो. बातमीदाराच्या हाती ही रूपे म्हणजे जबाबदारीची मापे असतात. कॅन्सस सिटीतील आगीच्या प्रसंगी नोकरी गमावलेल्या तरुणाचे आणि या मध्यमवयीन निवेदकाचे व्याकरण एकच होते असे म्हणावयास हरकत नाही.

एवढे झाल्यावरही त्यांचे आसन स्थिर झाले नव्हते. १९६४ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्को येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात एनबीसीच्या हंटली आणि ब्रिंकली या जोडीने प्रेक्षकसंख्येत सीबीएसला मागे टाकले. त्यावर ऑगस्टमधील डेमोक्रॅटिक अधिवेशनासाठी क्रॉन्काइट यांना दूर करून रॉबर्ट ट्राउट आणि रॉजर मड यांना बसविण्यात आले. ज्या कामासाठी ‘अँकर’ हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला गेला, त्याच कामावरून बारा वर्षांनी त्यांना उठविण्यात आले. क्रॉन्काइट यांनी जाहीर तक्रार केली नाही. नवा प्रयोगही यशस्वी ठरला नाही, आणि पुढे ते आपल्या जागी परतले. सायंकाळच्या वार्तापत्राने एनबीसीवर निर्विवाद आघाडी मिळविली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस. १९७० मध्ये हंटली निवृत्त झाल्यावर तिला आव्हान उरले नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीचे सर्वमान्य मुखिया म्हणून ज्या क्रॉन्काइट यांची आठवण काढली जाते, ते या उत्तरकालातील होत.

आता आख्यायिकांकडे वळले पाहिजे. त्यांतील सर्वांत प्रबळ व्हिएतनामविषयीची आहे. १९६८ च्या जानेवारीअखेर व्हिएतनाममध्ये टेट सणाच्या सुमारास मोठा हल्ला झाला. फेब्रुवारीत क्रॉन्काइट तेथे जाऊन आले, आणि २७ फेब्रुवारी रोजी प्रसारित झालेल्या विशेष कार्यक्रमाच्या अखेरीस, हे माझे वैयक्तिक मत आहे असे स्पष्ट करून, युद्ध कोंडीत सापडले असून वाटाघाटी हाच मार्ग उरला आहे, असे त्यांनी सांगितले. येथपर्यंतचा भाग निर्विवाद आहे. यापुढे कथा अशी की, व्हाइट हाउसमध्ये हा कार्यक्रम पाहत असलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणी संच बंद केला आणि, क्रॉन्काइट हातचे गेले म्हणजे सारा सामान्य अमेरिकन हातचा गेला, अशा अर्थाचे उद्गार काढले; आणि थोड्याच दिवसांत पुन्हा निवडणूक न लढविण्याचा निर्णय घेतला.

डब्ल्यू. जोसेफ कॅम्बेल यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कथेची छाननी केली आहे. कार्यक्रम प्रसारित होत असताना जॉन्सन वॉशिंग्टनमध्ये नव्हतेच. ते ऑस्टिन येथे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. त्यांनी तो कार्यक्रम पुढे केव्हा पाहिला असल्याचाही खात्रीलायक पुरावा नाही. उद्गारांचा पाठही एक नाही: कोठे ‘सामान्य नागरिक’, कोठे ‘मध्य अमेरिका’, कोठे ‘देश’, तर कोठे ‘युद्ध’ हातचे गेल्याचे म्हटले आहे. पाठभेदांची ही विपुलता मौखिक परंपरेच्या अभ्यासकास चांगली परिचित आहे. जेथे मूळ संहिता असते तेथे लेखनिक चुका करतात. जेथे ती नसते तेथे प्रत्येक कथक आपापली संहिता रचतो. शिवाय ‘कोंडी’ हे निदान नवे नव्हते. न्यूयॉर्क टाइम्समध्ये आर. डब्ल्यू. ॲपल यांनी ऑगस्ट १९६७ मध्येच ते केले होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गॅलपच्या चाचणीत ४७ टक्के लोकांनी युद्धात पडणे ही चूक असल्याचे मत दिले होते. म्हणजे क्रॉन्काइट यांनी लोकमत वळविले असे म्हणण्यापेक्षा, वळत असलेल्या लोकमताच्या मागोमाग ते गेले असे म्हणणे पुराव्याशी अधिक सुसंगत ठरते. स्वतः क्रॉन्काइट यांनी आरंभी आपल्या भाष्याचे महत्त्व बेताचेच मानले होते. कथा रूढ झाल्यावर उतारवयात त्यांनीही ती स्वीकारली. हा मनुष्यस्वभाव समजण्यासारखा आहे, परंतु ज्या पुरुषाने अडतीस मिनिटे एक क्रियापद रोखून धरले त्याच्याकडून याबाबतीत थोडी अधिक सावधगिरी अपेक्षित होती.

‘अमेरिकेतील सर्वांत विश्वसनीय पुरुष’ ही त्यांची पदवीही अशीच तपासून घ्यावी लागते. तिचा आधार ऑलिव्हर क्वेल यांनी १९७२ साली घेतलेली एक जनमतचाचणी. तीत क्रॉन्काइट यांना ७३ टक्के विश्वास लाभला, आणि ते अग्रस्थानी आले. पण त्या यादीतील इतर नावे राजकारणी पुरुषांची होती. दुसरा वृत्तनिवेदक तीत नव्हताच. राजकारण्यांपेक्षा बातमीदारावर लोकांचा अधिक विश्वास होता, एवढेच त्या चाचणीने सिद्ध होते. ही पदवी पुढे जाहिरातीत उपयोगी पडली आणि जाहिरातीतून इतिहासग्रंथांत शिरली.

याच्या तुलनेत त्यांचे जे कार्य खरोखर परिणामकारक होते त्याची चर्चा कमी होते. १९७२ च्या ऑक्टोबरात, निवडणूक तोंडावर आलेली असताना, वॉटरगेट प्रकरणाचा समग्र वृत्तांत त्यांनी दोन भागांत दिला. २७ तारखेच्या पहिल्या भागास सुमारे १४ मिनिटे, म्हणजे वार्तापत्राचा बहुतांश, दिला गेला. त्यात नवे संशोधन फारसे नव्हते. वॉशिंग्टन पोस्टने उजेडात आणलेल्या गोष्टी जुळवून सांगितल्या होत्या. परंतु त्या एका शहरातील वृत्तपत्राच्या पानांवरून साऱ्या देशाच्या घरांत गेल्या. अँकर शब्दाच्या मूळ अर्थाचे, दुसऱ्यांनी धावून आणलेले शेवटच्या टप्प्यात पोचविण्याचे, इतके चपखल उदाहरण दुसरे नाही. व्हाइट हाउसमधून संस्थेच्या प्रमुखांवर दडपण आले आणि ३१ तारखेचा दुसरा भाग बराच आखडला गेला. संपादक हे पदनाम धारण केले तरी अखेरचा अधिकार मालकाकडे असतो, हे या कात्रीने दाखवून दिले.

१९७६ मध्ये एबीसीने बार्बरा वॉल्टर्स यांची, वर्षाला दहा लक्ष डॉलर्सच्या कराराने, सायंकाळच्या वार्तापत्रावर नेमणूक केली. स्त्रीस असे स्थान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्याविषयी उठलेल्या गदारोळात वेतनाचा मुद्दा आणि स्त्रीत्वाचा मुद्दा यांची गल्लत झाली. क्रॉन्काइट यांच्या पिढीस त्यात बातमीदारीची अप्रतिष्ठा दिसली. तथापि वॉल्टर्स यांची मुलाखतकार म्हणून योग्यता पुढे निःसंशय सिद्ध झाली. यानंतर अँकरची नेमणूक ही वृत्तसंपादनाची बाब न राहता बाजारातील बोलीची बाब होत गेली. वृत्तसंस्थेत अकरा वर्षे काढून, फळा आणि खडू घेऊन पडद्यावर येण्याचा मार्ग त्यानंतर अपवादात्मक ठरला.

क्रॉन्काइट यांनी ६ मार्च १९८१ रोजी सायंकाळचे वार्तापत्र शेवटचे सादर केले. त्यांच्यानंतर डॅन रॅदर आले. इराणमधील अमेरिकन ओलिसांच्या प्रश्नात त्यांनी १९८० च्या जानेवारीपासून आपल्या समारोपाच्या वाक्यास बंदिवासाच्या दिवसांची संख्या जोडली होती, आणि ती मोजणी ४४४ पर्यंत गेली होती. १७ जुलै २००९ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हाच्या मृत्युलेखांत एक जुनी कथा पुन्हा छापली गेली: त्यांचा प्रभाव असा की, स्वीडनमध्ये वृत्तनिवेदकांना ‘क्रॉन्काइटर’ म्हणत. बेन झिमर या शब्दाभ्यासकांनी त्याच वर्षी याचा शोध घेतला होता. स्वीडिश भाषेत असा शब्द आढळला नाही. तेथे ‘नीहेट्‌सअंकारे’ म्हणजे वार्तांचा नांगर, हे इंग्रजीचेच भाषांतर, आणि त्याहून जुना ‘वार्ता वाचणारा’ अशा अर्थाचा शब्द, हे दोन प्रचारात आहेत. युनायटेड प्रेसची एके काळची प्रतिस्पर्धी असलेल्या असोसिएटेड प्रेसने मृत्युलेखातील हे विधान चुकीचे असल्याची दुरुस्ती नंतर प्रसिद्ध केली.